जिन्याखालचं वाङ्मय

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांना लागून, एक फळा आहे. त्यावर वर्षानुवर्षं दोनच प्रकारचा मजकूर यायचा: पाणी कधी जाणार आणि मेंटेनन्स कुणाचा थकलाय. दोन्ही मजकूर लोक मन लावून वाचायचे, दुसरा अंमळ जास्तच. नौपाड्यातल्या माणसाला वाचनाची गोडी नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. याच ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, मुंबईत निघायच्या पाच वर्षं आधी. हे आम्ही मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच सांगून टाकतो. तेव्हा चष्मा कपाळावर चढवून शेजाऱ्याच्या थकबाकीचा आकडा वाचत उभं राहणं हाही त्याच परंपरेचा भाग असणार.

या फळ्यावर तिसरा मजकूर आणायची बुद्धी मला झाली.

तिचं मूळ भिलारला. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना वाटेत लागणारं हे गाव २०१७ च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचं गाव’ झालं. लोकांच्या घरांत पुस्तकांची कपाटं ठेवलेली. कुणीही जावं, बसावं, वाचावं. आम्ही गेलो तेव्हा बाकीची मंडळी स्ट्रॉबेरी क्रीमच्या रांगेत उभी राहिली आणि मी एका ओसरीवर बसून, हातात कवितासंग्रह धरून फोटो काढून घेतला. येताना सगळ्यांनी क्रशच्या बाटल्या आणल्या, मी कल्पना आणली. बाटल्या महिन्याभरात संपल्या.

कल्पना अशी: फळ्याचा खालचा अर्धा भाग कमिटीच्या नोटिशींना, वरचा अर्धा वाचनसंस्कृतीला. डावीकडे फ्लॅट नंबर, उजवीकडे त्या घरात सध्या वाचलं जाणारं पुस्तक. दर रविवारी ज्याने त्याने येऊन नवं नाव लिहायचं. वरती मी माझ्या वळणदार अक्षरात ‘आम्ही सध्या वाचतोय’ असं लिहिणार होतो, आणि ते मी लिहिलंही. १५ ऑक्टोबरला, म्हणजे अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. त्या मुहूर्तावर फळ्याला हार घातला, मी छोटंसं भाषण केलं आणि सेक्रेटरींनी पेढे वाटले. पेढ्यांचे पैसे नंतर माझ्या मेंटेनन्सच्या बिलात ‘इतर’ या सदराखाली आले, पण त्या दिवशी वातावरण मंगल होतं.

लोकांनी काय वाचावं याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मी काय वाचतो हे लोकांना कळावं एवढीच माझी माफक इच्छा होती. लग्नाकार्यात, बारशात, अगदी तेराव्यालासुद्धा मी वाट बघत असतो की कुणीतरी विचारेल, “काय, सध्या काय वाचताय?” लोक विचारतात, “गुडघा कसा आहे?”

पहिल्या रविवारी फळा गच्च भरला. नावं वाचून असं वाटलं की ठाण्यात १९७० नंतर पुस्तकं यायचीच बंद झाली असावीत. दोन ‘मृत्युंजय’, दोन ‘स्वामी’, एक ‘ययाति’. खजिनदारांनी पावतीवर सही करतात तशी तिरकी ‘श्रीमान योगी’ लिहिली. ही पुस्तकं घराघरांत असतात हे खरं, पण ती सध्या कुणी वाचत नसतं. ती वाचून झालेली असतात. म्हणजे वडिलांची. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने ‘अॅटॉमिक हॅबिट्स’ लिहिलं आणि ते पुढे होळीपर्यंत तसंच राहिलं. सवयी लागायला वेळ हा लागतोच. आठवीतल्या एका मुलाने ‘भूगोल’ लिहून शेजारी ‘सक्तीने’ असा शेरा मारला. तळमजल्यावरच्या आजींनी ‘गुरुचरित्र’ लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, ‘सप्ताह चालू आहे, सकाळी बेल वाजवू नये’. वाचनाविषयी खरं बोलणारी त्या फळ्यावर ही दोनच माणसं.

आता मी. मला ‘हिंदू’ लिहायचं होतं. नेमाड्यांची ही कादंबरी २०१० साली आली, तेव्हाच मी ती घेतली आणि तेव्हापासून मी ती सध्या वाचतोय. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्ववाला. सुरुवातीला तो मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. मीही अजून तिथेच आहे. उत्खननाचं काम कसं, घाई करून चालत नाही. मी फळ्यावर नाव पूर्ण लिहिलं, कारण उपशीर्षकाने वजन येतं: ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’.

खालच्या अर्ध्या भागात त्याच आठवड्यात कमिटीची नोटीस लागली होती: ‘जिन्यातील अडगळ आठ दिवसांत हलवावी.’ नाव कुणाचं घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. जिन्यात अडगळ एकच होती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचं माझं लोखंडी कपाट. घरात रंगकाम काढलं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून ते बाहेर आलं. त्या वेळी समोरच्यांची मुलगी बालवाडीत जात होती. आता तिचं लग्न ठरलंय आणि गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस अजूनही त्या वळणावर तिरका होऊन, पोट आत घेऊन चढतो.

सोमवारी सकाळी सेक्रेटरींनी दूध घेताना मला गाठलं.

“तुमचं उत्तर वाचलं फळ्यावर,” ते म्हणाले.

“कसलं उत्तर?”

“अडगळ समृद्ध आहे म्हणता! असेल. पण ती जिन्यात आहे.”

मी समजावून सांगायला लागलो. ही कादंबरी आहे, अडगळ म्हणजे इथे परंपरेची अडगळ, हजारो वर्षांत साठलेलं, टाकवत नाही आणि बाळगवतही नाही असं सगळं...

“तेच ते,” सेक्रेटरी म्हणाले. “टाकवत नाही तर भंगारवाल्याचा नंबर देतो.”

“अहो, नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळालंय. २०१४ सालचं.”

“ज्ञानपीठ असो नाहीतर विद्यापीठ, कपाट हलवा.”

पुढच्या रविवारी मी जपून नाव निवडलं. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. यात कुणाला काय टोचणार? त्याच दिवशी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे एक काका घरी आले. हातात डायरी, पेन. “केसरी की वीणा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भटजीबुवा पेणजवळच्या वरसईचे, कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७ च्या धुमाळीत सापडले. झाशीत इंग्रजांची लूटमार डोळ्यांनी पाहिली, स्वतः लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी आले. काकांनी डायरी मिटली. “म्हणजे जेवणाखाण्याची सोय नव्हतीच,” ते म्हणाले. “आम्हाला असलं नको. हिला गुडघ्याचं आहे.”

इथवर त्रास फक्त मला होता, आणि तो मी वाचनसंस्कृतीसाठी सोसायला तयार होतो. खरा भडका उडाला तो पहिल्या मजल्यावरच्या आजोबांमुळे. बँकेतून निवृत्त झालेला अत्यंत सज्जन माणूस. मुलगा-सुनेकडे राहतात, सून रोज गरम पोळी वाढते, संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारतात. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘नटसम्राट’.

पुस्तक खरंच त्यांच्या हातात होतं. तरुणपणी त्यांनी डॉ. लागूंना त्यात पाहिलं होतं, आणि गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्यातलं एखादं स्वगत म्हणावं अशी त्यांची फार दिवसांची हौस होती. पण फळा एवढं सगळं सांगत नाही. फळ्यावर फक्त फ्लॅट नंबर असतो, आणि नंबराच्या पाटीवर मुलाचं नि सुनेचं नाव. कुसुमाग्रजांच्या त्या नाटकात काय घडतं ते न वाचताही महाराष्ट्राला पाठ आहे: घरदार मुलांच्या हवाली केलेला म्हातारा, आणि पुढे त्याचे झालेले हाल. दुपारपर्यंत सगळ्या बायका सुनेकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या. भाजीवालीने तिला विचारलं, “ताई, आजोबा बरे आहेत ना?” तीही फळा वाचत असणार.

सून कॉलेजात मराठी घेऊन बीए झालेली. तिने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी भरायच्या वेळी, ती खाली आली आणि ‘नटसम्राट’च्या खाली तिने लिहिलं: ‘हाच मुलाचा बाप’.

मामा वरेरकरांचं हे नाटक शंभर वर्षांहून जुनं आहे आणि हुंड्याविरुद्ध आहे. त्याचा इतका नेमका उपयोग खुद्द वरेरकरांनाही सुचला नसता. सकाळी नऊपर्यंत फळ्यापुढे गर्दी. आजोबांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, वर गेले, दुपारी पुन्हा उतरले आणि खडूने लिहून गेले: ‘संध्याछाया’. दळवींचं. मुलांची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोचं.

फळा माझा, तेव्हा समेटही मीच करायचा. मी आजोबांना गॅलरीत गाठलं आणि म्हटलं, काका, जरा हलकंफुलकं काहीतरी लिहा ना, म्हणजे विषय संपेल. पुलंचं लिहा. पुलंवर कोण रागावणार? त्यांना ते पटलं. त्यांनी पुलंचं १९५७ सालचं नाटक निवडलं आणि ठळक अक्षरांत नाव लिहिलं, ‘तुझे आहे तुजपाशी’.

रात्री साडेनऊला त्यांचा मुलगा माझ्या दारात. “काका, बाबांशी काय बोलणं झालं तुमचं?” तो घाम पुसत म्हणाला. “ही विचारतेय, तुझे आहे तुजपाशी म्हणजे नक्की काय? फ्लॅट कोणाच्या नावावर करतायत?”

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीला नाटकांच्या नावांची ताकद कळली. लोक वाचनालयात जायला लागले, हे मला फळ्याचं यश म्हणून नोंदवायचंय. मात्र ते पुस्तक आणत नव्हते. नाटकांची यादी वाचून परत येत होते. पुढचे कित्येक रविवार आमच्या जिन्याखाली अख्खी मराठी रंगभूमी अवतरली. सेक्रेटरींनी गाड्या नीट लावल्या जाव्यात म्हणून शिट्टी विकत घेतली आणि ती वाजवत ते कंपाउंडमध्ये फिरायला लागले, त्या आठवड्यात तीन फ्लॅट एकदम ‘घाशीराम कोतवाल’ वाचत होते. सेक्रेटरींना आनंद झाला. मला म्हणाले, “लोक ऐतिहासिक वाचायला लागले हो! नाना फडणविसांवर आहे ना ते?” दोन दिवसांनी त्यांच्या मुलीने त्यांना कोतवाल कोण ते समजावून सांगितलं. शिट्टी बंद झाली. माझ्याशी बोलणंही बंद झालं.

रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डरची माणसं पाहणीला आली त्या सकाळी कुणीतरी तेंडुलकरांचंच ‘गिधाडे’ लिहून ठेवलं होतं. तळमजल्यावरच्या, जागा सोडायला तयार नसलेल्या मावशींनी ‘वाडा चिरेबंदी’ लिहिलं. ज्यांच्या छतातून पावसाळ्यात पातेल्यात पाणी धरावं लागतं त्यांनी उत्तर दिलं, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. बिल्डरकडचा कोट घातलेला पोरगा बराच वेळ फळा वाचत उभा होता. जाताना त्याने मला आदराने विचारलं, “सर, इथे बर्ड वॉचर्स खूप आहेत का?” पुढच्या माहितीपत्रकात नव्या इमारतीच्या गच्चीवर पक्ष्यांना पाणी ठेवायची जागा दाखवलेली होती.

आणि ३१ डिसेंबरनंतरचा तो रविवार. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरासमोर ‘एकच प्याला’ असं लिहिलेलं. अक्षर बाईचं होतं. घरधनी मला जिन्यातच, कपाटापाशी, भेटले. त्यांचे डोळे अजून थोडे लाल होते. “तुमच्या या फळ्यापायी इज्जत गेली माझी,” ते म्हणाले. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण माहिती पोटात राहत नाही हा माझा जुना विकार आहे. मी म्हटलं, “गंमत बघा, हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं, पण त्याआधीच गडकरी गेले. त्यांना ते बघायला मिळालंच नाही.”

“नशीबवान माणूस,” ते म्हणाले.

बायको मला म्हणाली, तो फळा पुसून टाक. पण मला ते पटत नव्हतं, कारण या सगळ्या धुमश्चक्रीत एक गोष्ट राहून गेली होती. मी काय वाचतोय ते अजून कुणीच विचारलेलं नव्हतं. मी जी. एं.चं ‘काजळमाया’ लिहून पाहिलं, तर शेजारणीने येऊन काजळ घरी कसं पाडायचं ते सांगितलं. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ लिहिलं, तर मला एकमताने बागकाम समितीत घेतलं. समितीत मी एकटाच होतो. कुंड्यांना पाणी घालताना कुणी मला चैत्रपालवीविषयी विचारलं नाही. ‘गुडघा कसा आहे’ एवढंच विचारलं.

या सगळ्या काळात एका फ्लॅटसमोरची जागा कोरी होती. कोपऱ्यातल्या वहिनी. आयुष्य ऑडिट खात्यात गेलेलं. बोलणं कमी. त्यांना पुस्तक वाचायला घेतलं की शेवटच्या पानापर्यंत जायची खोड आहे, हे मला पुढे कळलं. मराठी माणसांत ही खोड किती दुर्मिळ आहे याची मला कल्पना होती, पण शेजारीच असेल असं वाटलं नव्हतं. मे महिन्यातल्या एका रविवारी वहिनींनी पहिल्यांदा खडू हातात घेतला आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’.

‘घाशीराम’ने जे झालं नव्हतं ते या एका ओळीने झालं. सेक्रेटरींनी संध्याकाळची चक्कर मागच्या गेटने मारायला सुरुवात केली. खजिनदार माळ्यावर चढून जुन्या व्हाउचरांची खोकी उतरवताना दिसले, आणि खोकी उतरवता उतरवता त्यांच्या कमरेत उसण भरली. तीन आठवडे ती ओळ तशीच होती, म्हणजे बाई खरंच वाचत होती. चौथ्या आठवड्यात वहिनींनी ती पुसली. लोकांनी सुस्कारा सोडला. मग त्यांनी नवीन नाव लिहिलं: ‘आदर्श उपविधी’.

“हे काय असतं?” मला आयटीवाल्या मुलाने विचारलं.

“आपल्या सोसायटीचे नियम,” मी म्हटलं. “प्रत्येकाने घर घेताना सही करून दिलेत.”

“वाचून?”

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सोसायटीने वार्षिक सभा घ्यायची असा कायदा आहे. आमची गणपतीनंतरच्या रविवारी, खाली पार्किंगमध्ये, गणपतीच्याच भाड्याच्या खुर्च्या परत करण्याआधी होते. एरवी ती वडा-चटणीच्या वेळेला संपते. विषयपत्रिकेवर शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ असतात, आणि त्यात या वेळी एकच विषय असणार हे मला ठाऊक होतं. लोक तयारीनेच आले होते. आजोबांच्या सुनेने सांगितलं की फळ्यामुळे घरातलं वातावरण बिघडलं. आजोबांनी सांगितलं की वातावरण ठीक आहे, पोळीसुद्धा गरम आहे, फक्त गणपतीत आपलं स्वगत रद्द झालं. ‘एकच प्याला’वाले काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे एकटक बघत राहिले. सेक्रेटरींनी ठराव मांडला: फळा संपूर्णपणे पाणी आणि थकबाकी यांनाच देण्यात यावा, आणि या प्रकाराची जबाबदारी निश्चित करण्यात यावी.

“अनुमोदन,” असे बरेच आवाज आले. त्यात एक माझ्या बायकोचा होता.

तेवढ्यात वहिनी उठल्या. हातात पिवळट पुठ्ठ्याचं पुस्तक, त्यातून बाहेर आलेल्या कागदाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर आकडा.

“ठरावाआधी थोडं,” त्या म्हणाल्या. “थकबाकीवर आपण चक्रवाढ व्याज लावतोय. उपविधीत सरळव्याज आहे, तेही जास्तीत जास्त २१ टक्के. भाडेकरू ठेवलेल्यांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, आपण घेतोय. सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का, तो कुठे गुंतवलाय ते ताळेबंदात दिसत नाही.”

पार्किंगमध्ये शांतता. वडे तळणाऱ्याने सुद्धा झारा वर धरला. खजिनदार कमरेवर हात ठेवून कण्हले. ते दुखण्यामुळे की कसं, सांगता येणार नाही.

सगळ्या नजरा वहिनींवर गेल्या होत्या आणि मी सुटलो असं मला वाटलं. मी हळूच वड्याच्या दिशेने सरकायला लागलो.

“आणि,” वहिनींनी पुढची पट्टी उघडली, “जिना ही सामाईक जागा. तिथे कुणालाही सामान ठेवता येत नाही. समृद्ध असलं तरी.”

कपाट त्याच दुपारी उघडायचं ठरलं. किल्ली कुठे होती कोण जाणे. कुलूपवाला आला, सगळी सभा वड्याच्या बश्या हातात घेऊन जिन्यात जमली, आणि दार कुरकुरत उघडलं. आत अर्थातच माझी पुस्तकं. ‘हिंदू’ तेवढं घरात, पाहुण्यांच्या नजरेच्या उंचीवर असतं. बाकीची सगळी इथे. अहेरात आलेल्या ‘श्यामची आई’च्या पाच प्रती. उद्घाटनाच्या भाषणात मी ज्याचा ‘परवाच वाचलेलं’ म्हणून उल्लेख केला होता ते पुस्तक, प्लास्टिकच्या वेष्टणासकट. पिअर बायार्ड नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने २००७ साली न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेही होतं, इंग्रजी भाषांतरात. त्यात खूण प्रस्तावनेत होती.

या खुणांनीच घात केला. मी वाचताना जे हाताला लागेल ते पानात घालून ठेवतो: विजेचं बिल, लोकलचं तिकीट, लग्नाची पत्रिका. वहिनींनी एकेक पुस्तक काढून खुणेचा पान क्रमांक आणि एकूण पानं कागदावर टिपायला सुरुवात केली. जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने २०१४ साली असाच एक गमतीचा निर्देशांक काढला होता. किंडलवर लोकांनी अधोरेखित केलेल्या ओळी पुस्तकाच्या कितव्या पानापर्यंत सापडतात यावरून लोक पुस्तक कुठवर वाचतात याचा अंदाज. हॉकिंगच्या काळाच्या इतिहासावरच्या पुस्तकावरून त्याने निर्देशांकाला नाव दिलं, आणि पिकेटीच्या भांडवलावरच्या जाड ग्रंथाचा आकडा निघाला २.४ टक्के. एलेनबर्गला किंडल लागलं. वहिनींना महावितरणची बिलं पुरली.

“सरासरी चार टक्के,” त्यांनी जाहीर केलं. पिकेटीच्या वाचकांपेक्षा बरा आकडा आहे, असं मी आसपासच्यांना सांगून पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं. लोक बिलं बघत होते.

“हे बिल तर दंडासकट आलंय,” कुणीतरी म्हणालं.

“मावशीच्या लग्नाची पत्रिका! हिला आता नातू झाला,” बायको म्हणाली.

सगळ्यात खालच्या फळीवर एका वाचनालयाचा शिक्का असलेली एक कादंबरी निघाली. परत करायची तारीख शाईने लिहिलेली होती. वहिनींनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात सरळव्याजाने काहीतरी मांडायला लागल्या.

फळ्याचा ठराव त्या दिवशी राहूनच गेला. त्याऐवजी दुसरा झाला: कपाट मीटर रूममध्ये हलवावं, त्याचं वाचनालय करावं, व्यवस्था वहिनींकडे. आता रविवारी सकाळी दहा ते अकरा त्या तिथे खुर्ची टाकून बसतात. आजोबा रांगेत पहिले असतात. त्यांनी सासू-सुना आणि म्हातारे यांचा संबंध नसलेली पुस्तकं मागून घेतली आणि आता बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांमध्ये रमले आहेत. सूनही त्याच वाचते, आजोबांच्या आधी, आणि खुनी कोण ते जेवताना सांगत नाही म्हणून दोघांचं सध्या कडाक्याचं भांडण चालू आहे. भूगोलवाला मुलगा ‘फास्टर फेणे’ घेऊन गेलाय, कुणी सक्ती न करता. वर फळ्यावर कोण काय नेतं ते वहिनी स्वतः लिहितात, त्यामुळे नाटकं बंद झाली.

मीही परवा गेलो. एखादं बारीक पुस्तक शेवटपर्यंत वाचावं असं मनात होतं. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ सालची छोटीशी कादंबरी, खुणेलाही जागा होणार नाही एवढी. मी ती उचलली आणि निघालो.

“अनामत,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

“वहिनी, माझंच आहे ते. आत माझं नावसुद्धा असेल.”

“नाव पहिल्या पानावर आहे. त्याच्या पुढे तुम्ही गेल्याची कुठे नोंद नाही.”

“पण पुस्तक माझं...”

“जिन्यात सापडलं. आधी हे वाचा, मग देते.” आणि त्यांनी ते पिवळट पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पट्ट्या काढून घेतलेल्या होत्या, म्हणजे मी कुठवर आलो ते माझ्या बिलावरूनच कळावं.

काल जिन्यात आयटीवाला मुलगा भेटला. “काका, सध्या काय वाचताय?” त्याने विचारलं. इतक्या वर्षांत कुणीतरी विचारलं एकदाचं. मी सांगून टाकलं: उपविधी. सभासदत्वाच्या पात्रतेपर्यंत आलोय. पुढे काय होतं ते कृपा करून कुणी आधी सांगू नका.